पहिला मानसशास्त्र प्रकल्प : डेटा नक्की कुणाकडून घ्यायचा?

दिवाळीची सुट्टी संपली की तृतीय वर्षाची मुलं प्रकल्प घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. “टीचर, विषय ठरला. मोबाइल आणि झोप. फॉर्मपण केलाय, रात्री ग्रुपवर टाकू?” विषय बहुतेक वेळा कँटीनमध्ये चहा येईपर्यंत ठरलेला असतो. गूगल फॉर्म मात्र रंगीत, वर चंद्राचं चित्र. मी एवढंच विचारते, “मोबाइल किती बघतात हे तुला कोण सांगणार?”

“कोण म्हणजे? तेच सांगणार ना.”

इथून पुढे आमचा अर्धा तास जातो. मानसशास्त्रात डेटा गोळा करणं म्हणजे कुणाला तरी साक्षीला बोलावणं. तो साक्षीदार कुठे चुकतो हे आधी माहीत नसेल, तर मागाहून कितीही सांख्यिकी लावा, हाती काही लागत नाही. हा लेख त्या अर्ध्या तासाचाच आहे. (पाठ्यपुस्तकात ‘विदा’ किंवा ‘प्रदत्त’ असे शब्द भेटतील. वर्गात कुणीही ते म्हणत नाही, मीही नाही.)

पायरी १ : विषयाचा प्रश्न करा

‘मोबाइल आणि झोप’ हा विषय झाला. ‘रात्री अकरानंतर जास्त वेळ मोबाइल बघणारी होस्टेलची मुलं कमी झोपतात का?’ हा प्रश्न. आता त्यातल्या मोजायच्या गोष्टींखाली रेघ मारा : अकरानंतरचा मोबाइल आणि झोपेचे तास. दोनच आहेत. चार रेघा आल्या तर प्रश्न मोठा झालाय, कापा. प्रत्येक रेघेला आपापला डेटा लागणार आहे आणि तो एकाच जागेहून यायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

पायरी २ : साक्षीदार ठरवा

व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे रेमंड कॅटेल यांनी डेटाचे तीन प्रकार मानले होते : माणसाच्या आयुष्यातल्या नोंदी, त्याने भरलेली प्रश्नावली आणि चाचणीतली त्याची कामगिरी. पुढे डेव्हिड फंडर यांनी चार प्रकारांची मांडणी केली. नवख्यांसाठी मला तीच सोपी वाटते, कारण ती थेट ‘कोण सांगतंय’ यावर उभी आहे.

पहिला साक्षीदार तो माणूस स्वतः. प्रश्नावली, मुलाखत, रोजनिशी हे सगळं स्व-कथन. स्वस्त, झटपट, आणि काही बाबतीत याला पर्यायच नाही. कुणाला आतून किती भीती वाटते हे बाहेरून कोण सांगणार? म्हणून स्व-कथनाला नाकं मुरडणाऱ्या विद्यार्थ्यांशी मी भांडते. पण सवयी, वेळ, वारंवारता असलं काही विचारलं की हा साक्षीदार डगमगतो. “रोज मोबाइल किती तास?” याला उत्तर देताना कुणीही मनात घड्याळ लावून हिशेब करत नाही, साधारण बरा दिसेल असा आकडा सांगतो. हाच आकडा फोनच्या सेटिंगमध्ये नोंदलेल्या स्क्रीन टाइमशी ताडून पाहिला तर दोन्हींचा मेळ बेताचाच बसतो, असं संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. ‘मी असं करीन’ आणि ‘मी असं केलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये छापलेला अभ्यास मी दर वर्षी सांगते. एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर फिरला. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याने त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर आलेल्या १२८ जागांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. पत्राचं उत्तर देणारा आणि त्या दिवशी काउंटरवर उभा असलेला माणूस एकच होता का, हा आक्षेप रास्त आहे. तरी कागदावरचा ‘नाही’ आणि दारातला ‘या, बसा’ यांतलं अंतर विसरू नका.

आठवणीचा घोळ याहून अवघड. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. तिथलं खनिज वाहणाऱ्या डिचोली-सत्तरीतल्या ट्रकमालकांना आज विचारलंत, “तेव्हा किती ताण होता?”, तर तुम्हाला आजची आठवण मिळेल, तेव्हाचा ताण नाही. मधल्या वर्षांत ज्याचं बरं चाललं तो म्हणेल, “निभावलं कसंतरी.” ज्याचं कर्ज फिटलं नाही तो वेगळं सांगेल. दोघांनी २०१२ साली कदाचित एकसारखंच उत्तर दिलं असतं. अशा वेळी प्रश्नच बदलावा : ‘लोक तो काळ आज कसा आठवतात?’ हा प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला मुलाखती उत्तम.

दुसरा साक्षीदार जवळचा माणूस : आई, खोलीतली मैत्रीण, शिक्षक. होस्टेलवरचा मुलगा म्हणतो साडेअकराला झोपतो. शनिवारी घरी गेल्यावर आई सांगते, “मोबायल हातांत धरूनच न्हिदता तो.” (हातात धरूनच झोपतो.) आईचं ऐकायचं की मुलाचं? दोघांचंही, आणि दोघांच्या उत्तरांतली तफावत वेगळ्या रकान्यात. आईला फक्त शनिवार-रविवार दिसतो, शिक्षकाला फक्त सकाळचा नऊचा तास. शिवाय आईचं माप ‘मुलाने चांगलं दिसावं’ किंवा ‘मुलाला कुणीतरी समजवावं’ यांपैकी एकीकडे झुकलेलं असतं. लहान मुलांच्या अभ्यासात मात्र या साक्षीदाराशिवाय पान हलत नाही.

तिसरा म्हणजे आयुष्यात आपोआप उमटलेल्या नोंदी : हजेरीपट, गुणपत्रिका, वाचनालयाचं रजिस्टर, फोनचा स्क्रीन टाइम. या नोंदी तुमच्यासाठी केलेल्या नसतात, त्यामुळे तुम्हाला खूश करायला बदलत नाहीत. वरच्या खाणींच्या विषयात त्या वर्षांचा शाळागळतीचा किंवा फी थकल्याचा हिशेब मिळाला तर तो आठवणीपेक्षा पक्का. फक्त नोंदीमागे कारणं अनेक असतात. हजेरी कमी पडली ती झोपेमुळे, की वाळपईची पहिली बस चुकल्यामुळे, हे हजेरीपट सांगत नाही.

चौथा साक्षीदार तुमचे स्वतःचे डोळे, म्हणजे वर्तनाचं निरीक्षण. हे प्रयोगशाळेत होतं तसं कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) स्टँडवरही होतं. प्रयोगशाळेतला नमुना म्हणजे जॉन रिडली स्ट्रूप यांची १९३५ ची चाचणी : ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला, शाईचा रंग सांगायचा. वेळ लागतो, आणि तो मिलिसेकंदांत मोजता येतो. बसस्टँडवर काय कराल? “लोक मोबाइल फार बघतात” हे निरीक्षण नाही, तक्रार आहे. निरीक्षण असं : सकाळी आठ ते नऊ, दर दोन मिनिटांनी, तिसऱ्या बाकावर बसलेल्यांपैकी कितीजणांची नजर पडद्यावर आहे ते मोजणं. ‘नजर पडद्यावर’ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवा (फोन कानाला लावलेला धरायचा की नाही?). मग दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता नोंदवा. दोघांचं किती जुळतं ते पाहायला जेकब कोहेन यांचा १९६० चा कप्पा गुणांक आहे. नुसती जुळलेल्या नोंदींची टक्केवारी फसवी असते, कारण काही नोंदी योगायोगानेही जुळतात.

फंडर यांच्या चौघांत मी पाचवा साक्षीदार जोडते, शरीर : हृदयाचे ठोके, त्वचेची विद्युतवाहकता, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक), मेंदूचा आलेख. माणसाच्या मेंदूतले विद्युत तरंग हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये टिपले आणि १९२९ मध्ये छापले, तेव्हापासून हे दालन उघडलं. पदवीच्या प्रकल्पात यात पडू नका. मनगटावरचा पट्टा ‘गाढ झोप १ तास ४२ मिनिटं’ दाखवतो तो हालचाल आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असतो. ठोके वाढले हे शरीर सांगतं, पण भीतीने की जिना चढल्याने, हे पुन्हा माणसालाच विचारावं लागतं.

निदान दोन साक्षीदार घ्या, एवढाच माझा आग्रह. झोपेसाठी रोजनिशी आणि मोबाइलसाठी फोनचीच नोंद, हे दुचाकीवर फिरणाऱ्या विद्यार्थ्यालाही जमतं.

पायरी ३ : प्रश्नावली घेणारच असाल, तर भाषेपासून सुरुवात करा

गोव्यात हे काम मुंबई-पुण्याहून जिकिरीचं. साखळीच्या मुलीच्या घरी कोंकणी, देवळात भजन-आरती मराठी, वडील वाचतात ते वर्तमानपत्र मराठी, आणि तिचं मानसशास्त्र इंग्रजीत. प्रश्नावली तिला कुठल्या भाषेत द्यायची? सोपं उत्तर नाही. पण ‘मला निराशाग्रस्त वाटते’ हे वाक्य तिच्या घरात कुणीच बोलत नाही एवढं नक्की. लोक म्हणतात मन लागत नाही, जीव वर-खाली होतो, किंवा सरळ ‘टेन्शन’. भाषांतर एकाने करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावीत. ही उलट-भाषांतराची पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही.

मराठीचे दोन खास सापळे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत.

एक, ‘नाही’चा. विधान : “सकाळी उठल्यावर मला थकवा जाणवत नाही.” पर्याय : होय / नाही. आता एकजण मनात म्हणतो, “हो, नाही जाणवत,” आणि ‘होय’वर खूण करतो. दुसरी म्हणते, “नाही, नाही जाणवत,” आणि ‘नाही’वर करते. दोघं ताजेतवाने, खुणा मात्र उलट्या. नकारार्थी विधान ठेवायचंच असेल तर शब्दाने फिरवा : “सकाळी उठल्यावर मला ताजंतवानं वाटतं.”

दुसरा लिंगाचा. “मी लवकर थकतो/थकते” असं तिरपी रेघ मारून वीस वेळा लिहिलं की वाचणारा कंटाळतो. “मला लवकर थकवा येतो” म्हणा, रेघच नको.

तयार मापनं वापरणं स्वतः प्रश्न रचण्यापेक्षा बरं. कारण त्यांची विश्वसनीयता आधी तपासलेली असते. पण दुसऱ्या गावात तपासलेलं माप तुमच्या गावात तसंच चालेल असं गृहीत धरू नका. तयार मापन गोव्यात वापरल्याचं चांगलं उदाहरण समोर आहे. ‘सांगात’ या संस्थेच्या संशोधकांनी इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या मापनावर १४ पेक्षा जास्त गुण असलेले प्रौढ त्यात घेतले होते. हे मापन ० ते २७ चं आहे आणि मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतं. प्रश्न स्वतः वाचून भरणं आणि समोर बसलेल्या माणसाने वाचून विचारणं, यांतून येणारा डेटा एकसारखा नसतो. जे कराल ते सगळ्यांसाठी सारखं करा आणि अहवालात लिहा.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. दर वर्षी कुणीतरी हे मापन इंटरनेटवरून उचलून फॉर्ममध्ये टाकतं, कारण ते मोफत आहे. मग मी विचारते, “कुणी त्याच्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर तू रात्री दोन वाजता काय करशील? फॉर्मवर नाव नाही, फोन नाही.” शांतता. याचं उत्तर तयार नसेल तर असलं मापन विद्यार्थ्याने हाती घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली घेतलंत, तरी फॉर्मच्या शेवटी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेचा उल्लेख असलाच पाहिजे.

पायरी ४ : आकडा कसला आहे ते ओळखा

स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजमापाच्या चार पातळ्या सांगितल्या. पेपरात पाठ म्हणून लिहितात, प्रकल्पात विसरतात.

तालुक्याला १ ते १२ क्रमांक दिलेत तर ती नुसती नावं. त्यांची सरासरी काढता येत नाही. एकाने काढली होती : ‘सरासरी तालुका ६.४’. भजन स्पर्धेतला पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम. पहिल्या-दुसऱ्यात अर्ध्या गुणाचा फरक असेल, दुसऱ्या-तिसऱ्यात दहाचा, क्रम ते सांगत नाही. तापमान अंतराल पातळीवर, म्हणजे दोन अंशांमधलं अंतर सगळीकडे सारखं, पण शून्य खरा नाही : ३२ अंश म्हणजे १६ अंशांच्या दुप्पट गरम नव्हे, कारण सेल्सियसचा शून्य माणसाने ठरवलेला. झोपेची मिनिटं मात्र गुणोत्तर पातळीवरची, शून्य म्हणजे खरंच शून्य.

भांडण लागतं ते रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या पद्धतीवरून, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’वाली. काटेकोरपणे पाहिलं तर एका विधानाचं उत्तर हा क्रम. अनेक विधानांची बेरीज केली की बहुतेकजण तिला अंतराल मानून सरासरी काढतात. मीही काढू देते, पण एका सुट्या विधानाची सरासरी काढून त्यावर निष्कर्ष बांधला तर परत पाठवते. आणि ‘रोज किती झोपता?’ला ‘कमी / मध्यम / जास्त’ असे पर्याय देऊ नका. मिनिटं मिळत असताना ती फेकून नुसता क्रम घेणं म्हणजे बाजारातून अख्खा इसवण (सुरमई) घेऊन फक्त डोकं घरी नेणं. मिनिटांचे गट मागाहून करता येतात, गटांची मिनिटं होत नाहीत.

मुलाखतीचा डेटा या चार पातळ्यांत बसत नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग लिहून काढायला चार-सहा तास धरा, त्यामुळे सहा मुलाखती म्हणजे एक पूर्ण आठवडा. कोंकणीत बोललेलं कोंकणीतच लिहा, मराठी किंवा इंग्रजी शेजारी. भाषांतर करूनच उतरवलंत तर नेमका तो शब्द हरवतो ज्यासाठी मुलाखत घेतली होती.

पायरी ५ : परवानगी, आणि गोवा लहान आहे ही गोष्ट

लेखी संमती, कधीही माघार घेण्याची मुभा, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी, संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी : हे कुठेही लागतं. आपल्याकडचा खरा पेच वेगळा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. फॉर्म घेऊन गावात गेलात की पहिला प्रश्न तुम्हालाच : “कोणाचें गो तूं?” तिथून दोन मिनिटांत तुमची मावशी आणि त्यांची नणंद एका शाळेत होत्या हे निघतं. मग ती बाई नवऱ्याच्या दारूबद्दलच्या प्रश्नावर काय खूण करणार? तुमच्या गावात तुम्ही संवेदनशील प्रश्न विचारू नका, वर्गातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा आणि त्याच्या गावात तुम्ही जा.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. वय ४३, गाव अमुक, भजनी मंडळात पेटी वाजवते, नवरा बोटीवर : झालं, सगळ्या तालुक्याला कळलं. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका लिहा, आणि ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं येतात तो गट शेजारच्यात मिसळा. नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी डेटाच्या फाइलपासून वेगळी ठेवा, पेनड्राइव्ह कॉलेजच्या संगणकाला लावून चहाला जाऊ नका.

पायरी ६ : पाच जणांवर करून पाहा, मग तक्ता मांडा

प्रश्नावली पाच जणांना मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतात तिथे प्रश्न वाईट आहे. त्यांना वाचता येत नाही असं म्हणून पुढे जाऊ नका.

तक्त्यात एक ओळ म्हणजे एक माणूस, एक रकाना म्हणजे एक गोष्ट. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं. कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा, कारण मार्चमध्ये तुम्हाला आठवणार नाही. उलट्या विधानांचे (ज्यांत ‘सहमत’चा अर्थ बाकीच्यांच्या विरुद्ध होतो) गुण फिरवा : १ ते ५ ची मोजपट्टी असेल तर ६ मधून वजा करा. क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती मेळ खातात ते सांगणारा आकडा) ऋण आला तर संगणकाला दोष देण्याआधी हे फिरवायचं राहिलंय का ते पाहा, दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

रिकाम्या जागी ९९ लिहायची जुनी पद्धत आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रकल्पात साठ मुलींपैकी सहा जणींनी वय लिहिलं नव्हतं. मी इमानदारीने ९९ भरलं आणि तो ‘उत्तर नाही’चा खुणेचा आकडा आहे हे सॉफ्टवेअरला सांगायला विसरले. एकोणीस वर्षांच्या मुलींचं सरासरी वय २७ आलं, आणि तोंडी परीक्षेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “लग्न झालेल्या सुद्धा होत्या वाटतं?” तेव्हापासून मी रिकामी जागा रिकामीच ठेवते.

आणि तारखेचा रकाना ठेवाच. मागे एका गटाच्या डेटात डिचोलीकडची मुलं आठवडाभर जेमतेम चार तास झोपत होती. मोबाइलचा वापर मात्र इतरांपेक्षा कमी. गटाने उत्साहाने तीन पानं लिहिली, निळा प्रकाश, किशोरवय, काय काय. मी तारखा पाहिल्या. गावच्या जत्रेचा आठवडा होता, रात्रभरचा काला संपेपर्यंत उजाडत होतं.